चिखलात लोळायचंय, पण गर्दी नको : बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस लागला की हे प्रश्न सुरू होतात. विचारणारे बहुतेक टिळकवाडी, शहापूर, निपाणी गावठाण असे शहरातले लोक. शेतकरी विचारत नाहीत, कारण त्यांना चिखलाचं अप्रूप नाही आणि जुलैत त्यांना सवडही नसते. घरच्यांना किंवा चार मित्रमैत्रिणींना घेऊन तासभर चिखलात मनसोक्त खेळायचं, रस्त्यावरून जाणाऱ्यांनी गाड्या थांबवून बघायचं नाही, एवढीच ज्यांची अपेक्षा आहे त्यांच्यासाठी ही उत्तरं.

मोठ्या माणसांनी चिखलात खेळणं विचित्र दिसत नाही का?

दिसू दे की. दक्षिण कन्नड आणि उडुपीत पाणथळ शेतात रेड्यांची कंबळा शर्यत होते, किनारपट्टीच्या गावांत केसरगद्दे म्हणून चिखलातले खेळ भरतात आणि त्यात आज्यासुद्धा धावतात. आपल्या शेजारचे कन्नड लोक ज्येष्ठातल्या मण्णेत्तिन अमावास्येला मातीचे बैल करून पुजतात. मातीत हात घालायला आपल्याकडे कधीच कमीपणा नव्हता. तो फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर आला.

एकांताची जागा शोधायची कशी? नकाशावर बघून काही कळतं का?

नकाशावर हिरवा किंवा निळा ठिपका बघून गाडी काढायची, ही सवय आधी सोडा. तो हिरवा ठिपका बहुधा वनखात्याचा असतो आणि निळा ठिपका बुडण्याचा.

तुम्हाला खरं तर आडोसा हवा असतो. रस्त्यावरून दिसू नये, पण हाक मारली तर कुणाच्या तरी कानावर जावी, अशी जागा. माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे ओळखीच्या माणसाचं, रस्त्यापासून दोन-चार बांध आत असलेलं भाताचं शेत, जिथून मालकाचं घर किंवा खोप हाकेच्या अंतरावर आहे. कुणी घसरून हात मोडला, कुणाला चक्कर आली, तर दहा मिनिटांत माणूस आणि गाडी मिळायला हवी. जिथे हाक पोचत नाही, तिथे चिखल कितीही मऊ असला तरी जाऊ नका.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला बेळगुंदी, बिजगर्णी, किणये, उचगाव, बेक्किनकेरे या बाजूला जमीन चढउताराची आहे. रस्ता वर आणि शेतं खाली खोलगटात. अशा ठिकाणी बांधाची झाडं आणि उतार हाच आडोसा होतो. निपाणी, चिकोडी, रायबाग भागात ऊस कामाला येतो. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला ऊस जुलैपर्यंत चांगला वाढलेला असतो, दोन बाजूंनी ऊस असलेल्या मोकळ्या तुकड्यात तुम्ही आहात हे कुणाला कळतही नाही. फक्त उसाच्या कडेपासून दहा-बारा फूट लांब राहा. उसात उंदीर असतात आणि उंदरांमागे साप.

भाताचंच शेत का? चिखल तर कुठेही होतो.

होतो, पण सगळ्या चिखलाला तळ नसतो. रोप लावणीआधी शेतात पाणी बांधून बैलांनी किंवा टिलरने चिखल करतात. वर्षानुवर्षं हेच चालल्यामुळे वरचा वीतभर थर लोण्यासारखा होतो आणि त्याच्या खाली माती दाबून दाबून घट्ट थर तयार होतो. हा थर पाणी मुरू देत नाही, म्हणून तर भातात पाणी उभं राहतं. आणि हाच थर तुमचा पाय धरतो. पाय पोटरीपर्यंत जातो आणि टेकतो. सात वर्षांचं पोर असो नाहीतर ऐंशी किलोचा मामा, दोघंही तेवढेच रुततात.

शिवाय पिढ्यान्‌पिढ्या तिथले दगड, काचा, मुळ्या वेचून बांधावर टाकलेल्या असतात. नुकताच चिखल करून फळी फिरवलेलं शेत बघा. वर बोटभर गढूळ पाणी, त्यात ढगांचा उजेड, आणि बगळे टिलरच्या मागे मागे किडे वेचत फिरतायत. पाय टाकला की आधी कोमट पाणी लागतं, मग गार चिखल बोटांच्या फटीतून वर येतो. रस्त्याकडेच्या डबक्यात ही मजा नाही, तिथे पायाखाली बाटलीचं बूच येतं.

नेमकं कधी जायचं?

पाऊस वेळेवर असेल तर जूनच्या शेवटापासून जुलैच्या अखेरीपर्यंत. खानापूरच्या पश्चिमेला थोडं मागेपुढे होतं. चिखल तयार झाला आणि रोप अजून लागलं नाही, हे मधले दोन-तीन दिवस तुमचे. रोप लागल्यावर त्या शेतात पाय टाकायचा नाही, मालक ओळखीचा असला तरी. लावणीनंतर बरेच जण लगेच तणनाशक टाकतात, त्यामुळे ते पाणी अंगाला लागलेलंही चांगलं नाही.

जिथे धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या मातीतच, पेरणी होते तिथे चिखल करतच नाहीत. त्यामुळे "तुमच्याकडे रोप लावता की पेरता?" हा पहिला प्रश्न विचारा, नाहीतर पोरांना नटवून नेल्यावर शेतात वीतभर उगवलेलं भात बघून परत यावं लागेल.

२९ जून हा जगभरात चिखल दिन म्हणून काही शाळा पाळतात. आपल्या हंगामात तो नेमका बसतो, शाळेत गळ घालायची असेल तर उपयोगी पडेल.

कोणत्या भागातली माती खेळायला चांगली?

आपला जिल्हा या बाबतीत नशीबवान आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे शंभर-सव्वाशे किलोमीटर गेलं की माती आणि पाऊस दोन्ही पार बदलतात. कणकुंबी, आमगावच्या बाजूला वर्षाला काही हजार मिलीमीटर पडतो आणि अथणीकडे पाचसहाशे मिलीमीटरच्या आसपास.

खानापूर, जांबोटी, आणि बेळगावच्या पश्चिमेची गावं म्हणजे तांबडी माती. मूळ जांभा दगडाची. माळावरची तांबडी माती खेळायला वाईट, कारण तिच्यात मुरमाचे खडे असतात आणि लोळलं की पाठ सोलून निघते. तीच माती वाहून खाली खाचरात साठली की गाळीव होते, तिथे खेळा. खानापूरच्या मातीची कीर्ती तर जुनी आहे. कौलांचे आणि विटांचे कारखाने तिथे उगीच उभे राहिले नाहीत, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही खानापुरातच आहे. पण म्हणून कुंभाराची माती उकरून आणू नका. तो साठा त्याने निवडून, भिजवून ठेवलेला असतो, त्यावर त्याचं पोट आहे.

बैलहोंगल, सौंदत्ती, अथणी म्हणजे काळी माती. अंगाला लावायला मलईसारखी, खडा नाही, वास सुरेख. पण ही माती पाणी प्यायली की फुगते आणि असा चिकटा धरते की चप्पल तर सोडाच, गमबूटसुद्धा आत राहतो आणि पाय मोकळा वर येतो. काळ्या रानात बहुतेक जागी भाताच्या खाचरासारखा घट्ट तळ नसतो. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा वरून बुजल्यासारख्या दिसतात आणि आतून पोकळ राहतात. तिथे खेळायचं तर शेताच्या कोपऱ्यात, एखाद-दुसऱ्या पावसानंतर, घोट्याएवढ्याच चिखलात. धावाधावीचे खेळ नकोत, गुडघा मुरगळतो.

दूधगंगा, वेदगंगा, कृष्णेच्या काठची मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची, जमीन पोताने या दोन्हींहून सरस. पण तिच्याबद्दल पुढचं उत्तर वाचा.

हातात मूठभर माती घेऊन ओली करा आणि दोन तळव्यांत वळा. करंगळीएवढी वळी न तुटता झाली तर माती चिकणमाती. वळताना करकर आवाज आला तर रेती किंवा मुरूम आहे. तेवढी तपासणी पुरे.

नदीकाठ, तळं, वीटभट्टीचा खड्डा, जुनी दगडखाण, हे सगळं मोकळंच असतं. तिथे काय अडचण आहे?

तिथे माणसं मरतात, ही अडचण आहे.

कृष्णाकाठी मगरी आहेत. सांगलीकडच्या मगरींच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात, पण मगर चेकपोस्टला थांबत नाही, खाली चिकोडी, रायबाग, अथणीपर्यंत तीच नदी येते. मगर ऊन खायला नेमक्या त्याच मऊ गाळाच्या काठावर येते जो तुम्हाला खेळायला आवडेल. काठावर चार बोटांचे ठसे आणि मधून ओढत गेलेली शेपटीची रेघ दिसली तर तिथून मुकाट्याने मागे फिरा.

घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय या नद्यांना वर घाटात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. हिडकलच्या जलाशयाचं पाणी उतरल्यावर जो गाळ उघडा पडतो तो वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो आणि आत खिरीसारखा असतो. राकसकोपचं पाणी बेळगाव शहर पितं. तिथे चिखल खेळणं हा वेडेपणा आहे आणि सोडणारही नाहीत.

वीटभट्टीसाठी माती काढलेले खड्डे सरळ कापलेले असतात. कडेला घोटाभर पाणी आणि पुढच्या पावलाला दीड पुरुष. ओल्या चिकणमातीच्या कडेवरून वर चढता येत नाही, हात सटकत राहतात. पोहता येणारी पोरंसुद्धा यात जातात. दगडखाणीचं तेच. या दोन जागांना माझ्याकडून सरसकट नाही.

बळ्ळारी नाल्याच्या आसपासचं शिवार दिसायला फार मोहात पाडणारं आहे, अनगोळ-वडगाव-येळ्ळूरचा भातपट्टा, आपल्या बासमतीचं घर. पण तो नाला शहराचं सांडपाणी घेऊन जातो आणि पावसाळ्यात शेतांत शिरतो. नाल्यापासून लांबच्या, विहिरीच्या किंवा पावसाच्या पाण्यावरच्या शेतात जायला हरकत नाही. नाल्याच्या पाण्याखाली गेलेल्या शेतात उतरू नका.

जंगलात एखादी जागा? जांबोटी, कणकुंबी, भीमगड?

भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. परवानगीशिवाय आत जाणं हा गुन्हा, मग तुमचा हेतू कितीही निरागस असो. पावसाळ्यात खानापूरच्या धबधब्यांवरही प्रशासन बंदी घालतं, निघण्याआधी चौकशी करा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, त्या रानात गवे आहेत, अस्वल आहे, अधूनमधून हत्ती येतात.

जंगलाच्या कडेला गोल, गुळगुळीत, आयता तयार चिखलाचा खड्डा दिसतो. जवळच्या झाडाच्या बुंध्यावर गुडघ्याएवढ्या उंचीवर वाळलेला चिखल आणि राठ केस चिकटलेले असतात. ती रानडुकराची लोळण. गोचिडांचं माहेरघर. गोचिडांतून माकडताप येतो आणि तो घाटाखाली सत्तरी आणि दोडामार्गात माणसं आजारी पाडून गेलेला आहे.

लष्कराच्या हद्दीतला माळही सोडा. बेळगावात वाढलेल्याला हे सांगायला नको, पण बाहेरून नोकरीला आलेले विचारतात म्हणून लिहिलं.

मालकाला विचारायचं कसं? हसतील की.

हसतीलच. हसू द्या आणि तुम्हीही हसा. गावात शिरल्यावर आधी देवळापाशी किंवा दूध डेअरीपाशी थांबून "हे शेत कुणाचं ओ काका?" असं विचारा. थेट बांधावर जाऊन उभं राहिलात तर जागा खरेदी करणारे एजंट आले असं वाटतं आणि चेहरे बदलतात. रिंगरोड आणि बायपासच्या मोजण्यांनी इथला शेतकरी आधीच धास्तावलेला आहे, पॅन्टीतला अनोळखी माणूस बांधावर दिसला की त्याला सर्वे नंबर आठवतो.

मग खरं ते सांगा. पोरांना चिखलात खेळवायचंय, तासभर, रोप लावायच्या आधी. एका काकांनी आमच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "कुठनं आलासा? खेळतासा व्हय? मग फळीवर बसा की, वजन लागतंयच." चिखल सपाट करायच्या फळीवर वजनासाठी कुणीतरी बसावंच लागतं, ते काम पोरांनी आनंदाने केलं. पोरांना झोपाळा मिळाला, काकांचं शेत सारखं झालं.

पूर्वेकडे कन्नडमध्ये विचारलेलं बरं. "यजमान्र, निम्म होलदाग स्वल्प होत्तु आडबहुदेन्री?" म्हणजे "मालक, तुमच्या शेतात थोडा वेळ खेळू का?" एवढं म्हटलं तरी काम होतं, उच्चार चुकला तर उलट लवकर होतं.

परवानगी मिळाली की तीन गोष्टी त्यांच्याच तोंडून ऐकून घ्या. मोटरची वायर कुठून गेली आहे, डुकरांसाठी कुंपणाला करंट सोडलाय का, आणि औषध-खत कधी टाकलं. करंटचा प्रश्न लाजून टाळू नका. सोलरच्या झटका मशीनने माणूस मरत नाही, पण काही ठिकाणी लोक बेकायदा थेट लाईनचा करंट सोडतात आणि ओल्या चिखलात तो जीव घेतो. दरवर्षी अशा बातम्या येतात.

पैसे द्यायचे का?

द्यायला निघालात तर बरेच जण घेत नाहीत. मग टिलरचं डिझेल तुमच्याकडून, किंवा कामावरच्या सगळ्यांना चहा-भजी. रोप लावायला आलेल्या बायकांना विसरू नका, तुमच्या खेळाने त्यांचं काम तासभर थांबलेलं असतं. बांध मात्र फोडू नका, त्यावर नाचूही नका. एक बांध फुटला की वरच्याचं पाणी खालच्याच्या शेतात जातं आणि त्यावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबलेत.

आम्ही फक्त बायका आहोत. सुरक्षित आणि खासगी जागा मिळेल?

मिळेल, आणि तुमच्यासाठी माहेरचं किंवा मैत्रिणीच्या माहेरचं शेत याला पर्याय नाही. घरातली आजी किंवा वहिनी बांधावर बसली की गावातलं एक टाळकं तिकडे फिरकत नाही. "काकू, तुम्ही जरा बसा ना" एवढं म्हटलं की पुरे, त्या स्वतःच येतात आणि अर्ध्या तासाने पदर खोचून आत उतरतात, हेही बघितलंय.

जागा निवडताना कपडे बदलायला खोप किंवा गोठा आणि जवळ संडास आहे का, हे आधी विचारा. मोटरीच्या खोलीत कपडे बदलू नका, ओल्या अंगाने स्टार्टरजवळ उभं राहायचं नाही. दोन जुन्या साड्या आणि चार बांबू यांचा आडोसा दहा मिनिटांत होतो. सकाळी आठ ते अकरा ही वेळ चांगली. संध्याकाळी शिवारातून घरी परतणाऱ्यांची वर्दळ असते, शिवाय पावसाळ्यात अंधार लवकर पडतो.

कपडे कोणते घालायचे?

जुने, सुती, अंगभर आणि घट्ट नाडीचे. जीन्स नको, भिजून पाच किलोची होते. पांढरा रंग तांबड्या मातीत नको. पायात काही घालायचं झालं तर जुने मोजे, चप्पल चिखलात राहते. अंगठ्या, मंगळसूत्र, पैंजण घरी. चष्म्याला दोरी लावा, कॉन्टॅक्ट लेन्स काढूनच जा.

लेप्टो वगैरे रोगांचं काय? घरचे घाबरवतात.

घरचे अगदीच चुकीचे नाहीत. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि अंगावरच्या जखमेतून, डोळ्या-तोंडातून शिरतात. ताज्या पावसाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर केलेल्या चिखलात धोका कमी. गोठ्याचं पाणी उतरतं त्या शेतात जास्त. ज्याच्या पायाला भेगा, चिखल्या किंवा ताजी जखम आहे त्याने त्या दिवशी बांधावर बसून भजी खावीत. प्लॅस्टर लावून काम भागत नाही, चिखलात ते पाच मिनिटांत निघतं.

खेळल्यानंतर दोन दिवसांपासून महिन्याभरापर्यंत, बहुधा एक-दोन आठवड्यांत, ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांकडे जा आणि "चिखलात खेळलो होतो" हे आपणहून सांगा. साध्या तापाच्या गोळ्या घेत घरी बसू नका, हा आजार वेळेवर औषध मिळालं तर बरा होतो आणि उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृतापर्यंत जातो.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आधी घ्या. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाताच्या चिखलात उतरू नये. मेलिऑइडोसिस नावाचा मातीतून होणारा गंभीर संसर्ग कर्नाटकच्या किनारपट्टीवर आढळतो आणि तो मधुमेह्यांनाच जास्त गाठतो. आणि जिथे लोक उघड्यावर शौचाला बसतात त्या बाजूचं शेत नकोच. अंकुशकृमी उघड्या पायाच्या कातडीतून आत जातो.

साप, जळवा, खेकडे?

मोकळ्या, फळी फिरवलेल्या चिखलात साप सहसा थांबत नाही. तो बांधात असतो, खेकड्याच्या बिळात. म्हणून बिळात हात घालून खेकडे काढायचा पराक्रम गावच्या पोरांवर सोपवा. त्यांना बीळ बघून कळतं आत कोण आहे, आपल्याला कळत नाही. सर्पदंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. हातपाय न हलवता थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात. बेळगावात जिल्हा रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेला १०८, इतर अडचणीला ११२. बाची-शिनोळीसारख्या हद्दीवरच्या गावांत मोबाईल दुसऱ्या राज्याचा टॉवर पकडतो, तेव्हा गावाबरोबर तालुका आणि जिल्हाही सांगा.

जळू मीठ लावलं की सुटते. थोडं रक्त वाहतं, थांबतं.

पाय रुतून बसला तर?

ताठ उभं राहून पाय वर ओढू नका, त्याने खालून चिखल आणखी घट्ट ओढतो. मागे रेलून बसा, वजन ढुंगणावर आणि हातांवर येऊ द्या, पायाची बोटं हलवत पाय गोल फिरवा म्हणजे कडेने पाणी आत शिरतं. मग हळूहळू तिरका काढा. काढणाऱ्याने समोर उभं राहून हिसका द्यायचा नाही, नाहीतर दोघं रुततात. आणि आधीच हातभर लांब काठी खुपसून बघितली असती तर हे झालंच नसतं. गुडघ्यापेक्षा वर काठी गेली की ती जागा बाद.

किती लहान मुलांना न्यावं?

माती तोंडात घालायचं वय गेलं की. सोबत मोठं माणूस एका मुलाला एक नसलं तरी दोन मुलांना एक हवंच, आणि त्याने मोबाईल गाडीत ठेवायचा. पोरांना पालथं पाडून डोकं दाबायचे खेळ बंद. तासाभराने ओठ निळसर दिसले, दात वाजायला लागले की बाहेर. जुलैतला वारा ओल्या अंगाला चांगलाच झोंबतो. ढग गडगडला की मोठ्यांनीही बाहेर यायचं, मोकळ्या शेतात आपणच सगळ्यात उंच असतो. झाडाखाली मात्र उभं राहू नका, गाडीत बसा.

शेताची ओळखच नाही. घरामागे करता येईल?

येईल, आणि खासगीपण हवं असेल तर हाच राजमार्ग. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, पाऊण फूट खोल असा खड्डा धरला तर पंचाहत्तर घनफूट होतात, म्हणजे पाऊण ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). त्यात पाण्याचा वाटा असतो, तेव्हा अर्धा ब्रास गाळाची माती पुरते. कडेला विटांचा एक थर, आत जुनी ताडपत्री, त्यावर जाड चाळणीने चाळलेली माती. बांधकामावरची माती आणू नका, त्यात खिळे आणि सिमेंट असतं. आदल्या रात्री भिजवून ठेवा, सकाळी पायाने तुडवा. खेळून झालं की पाणी आटू द्या आणि माती झाडांना घाला, तसंच ठेवलंत तर डास होतील आणि शेजारी पुन्हा बोलणार नाहीत.

तालमीतली माती वापरली तर?

नाही. आखाड्यातल्या मातीत तेल, हळद, लिंबू, ताक घालून ती मऊ ठेवलेली असते, आणि पैलवान तिला नमस्कार करून उतरतो. कुस्ती शिकायची असेल तर वस्तादांना भेटा. बेळगावात लाल मातीची परंपरा अजून चालू आहे.

मला तर गर्दीच आवडते. मग?

मग चोर्ला घाट उतरून गोव्यात माशेलला जा. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात चिखलकाला होतो. अख्खा गाव अंगाला तेल लावून चिखलात उतरतो. घाटाचा रस्ता चालू आहे का ते निघताना विचारा.

फोटो, रील, ड्रोन?

आधी ठरवा, आत उतरण्याआधी. एकच फोन, एकाच माणसाकडे, आणि फोटो सगळ्यांना दाखवून मगच पुढे. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो त्यांच्या आईबापाला विचारल्याशिवाय कुठेही नाहीत. शेताचं ठिकाण टाकू नका. एकदा ते पसरलं की पुढच्या रविवारी तिथे वीस गाड्या उभ्या राहतात, बांधावर बाटल्या पडतात आणि मालक पुढच्या वर्षी तुम्हालाही नाही म्हणतो. ड्रोन उडवलात तर एकांताची गोष्टच संपली, अख्खं गाव वर बघत तिकडे येतं.

धुवायचं कसं? कपड्यांचे डाग जातात का?

आधी शेतातच, मोटरीच्या पाइपखाली किंवा पाटात जेवढं जाईल तेवढं घालवा, साबण न लावता. विहिरीत उतरून धुवायचं नाही, ते कुणाचं तरी पिण्याचं पाणी असतं. डोळ्यात चिखल गेला तर चोळू नका, सोबत आणलेल्या पिण्याच्या पाण्याने धुवा. नखं घरी गेल्यावर ब्रशने.

काळ्या मातीचे कपडे पूर्ण वाळू द्या, झटका, मग गार पाण्यात भिजवा. ओले असताना चोळलेत तर माती धाग्यात शिरते. तांबड्या मातीचा रंग लोखंडाचा असतो, त्याला ब्लीच लावलं तर डाग पक्का होतो. लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा, बऱ्यापैकी जातो. राहिला तर पुढच्या वर्षी तेच कपडे. आणि चिखलाचे कपडे फ्लॅटच्या न्हाणीत खळबळायचे नाहीत. गाळ पाइपात बसतो, खालच्या मजल्यावरची काकू वर येते. बादलीत खळबळा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी ओता आणि तळातला गाळ कुंडीत टाका.